दार उघडण्यापूर्वीची शिकवणी

जो खेळ अजून तयारच झालेला नाही त्याची सुरुवात कशी असेल, याचा विचार करत बसणे हा रिकामटेकडेपणाच आहे. पण अणुयुद्धानंतरच्या उद्ध्वस्त जगात घडणाऱ्या 'फॉलआउट' या व्हिडिओ गेम मालिकेतल्या 'फॉलआउट ५'च्या बाबतीत त्यासाठी सवड भरपूर आहे. ही मालिका आता बनवणाऱ्या बेथेस्डा या कंपनीचे टॉड हॉवर्ड यांनी २०२२ मध्येच सांगून टाकले की आधी त्यांच्याच दुसऱ्या मालिकेतला 'एल्डर स्क्रोल्स ६' येईल आणि 'फॉलआउट ५' त्याच्यानंतर. ज्या 'एल्डर स्क्रोल्स ६'ची पहिली झलक २०१८ मध्ये दाखवण्यात आली, त्याचीच वाट पाहणारी मंडळी आता थकून गेली आहेत. कथानक काय असेल, शत्रू कोण असतील, शस्त्रे कोणती असतील, यावर तर्क लढवणारे पुष्कळ आहेत. मला मात्र पहिल्या पाऊण तासाचीच उत्सुकता आहे, म्हणजे ज्या भागात खेळ आपल्याला चालायला, वाकायला, बोलायला आणि गोळी झाडायला शिकवतो त्या ट्युटोरियलची.

इतर खेळांत ट्युटोरियल म्हणजे एक उपचार असतो. सर्वनाशानंतरच्या जगात घडणाऱ्या भूमिकाप्रधान खेळाला मात्र तिथेच एक अवघड पेच सोडवावा लागतो. उद्ध्वस्त जगात तीस वर्षे जगलेल्या माणसाला कोणते पाणी प्यावे, कोणत्या वस्तीत रात्री थांबू नये आणि कोणाशी डोळ्याला डोळा भिडवू नये हे ठाऊक असते, आणि त्याच्या देहात शिरलेल्या खेळाडूला यातले काहीच ठाऊक नसते. नायक जाणता आणि त्याला चालवणारा अडाणी, अशी ही जोडी पहिल्या संवादातच उघडी पडते. म्हणून लेखकाला असा नायक शोधावा लागतो की ज्याचे अज्ञान खऱ्या कारणाने खेळाडूच्या अज्ञानाइतकेच असेल. 'फॉलआउट'च्या निर्मात्यांना हे उत्तर पहिल्याच खेपेला सापडले. जमिनीखालच्या बंदिस्त निवाऱ्यात, म्हणजे व्हॉल्टमध्ये, जन्मलेला माणूस सूर्य पहिल्यांदा पाहतो तेव्हा आपणही तो पहिल्यांदाच पाहत असतो.

टिम केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरप्ले या कंपनीसाठी केलेला पहिला 'फॉलआउट' १९९७ मध्ये आला. व्हॉल्ट १३ मधले पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतला एक सुटा भाग, वॉटर चिप, निकामी होतो. ओव्हरसियर नावाचा तिथला प्रमुख तुम्हाला दीडशे दिवसांची मुदत देऊन बाहेर ढकलतो आणि मागे दार बंद होते. समोर गुहा, तुमच्या आधी बाहेर पाठवलेल्या माणसाचे प्रेत आणि काही उंदीर. बस्स. खेळाच्या आत शिकवणी जवळजवळ नाहीच, कारण त्या काळी शिकवणी खोक्यातल्या पुस्तिकेत असे. ही पुस्तिका हीच मला त्या खेळातली सर्वांत धूर्त गोष्ट वाटते. व्हॉल्ट बांधणाऱ्या व्हॉल्ट-टेक या कंपनीने आपल्या रहिवाशांसाठी छापलेली मार्गदर्शिका, असा तिचा सगळा आव आहे. तिच्यात प्रसन्न, आश्वासक सूर आहे, अणुस्फोटाची माहिती आहे आणि शेवटी चक्क पाककृतीही आहेत. बटणे कोणती दाबायची हे शिकता शिकता आपल्या लक्षात येत जाते की आपल्याला शिकवणारा हा आवाज फार गोड आहे, आणि या जगाचे वाटोळे ज्यांनी केले त्यांच्याच बाजूचा आहे.

तो सूर कल्पनेतून आलेला नाही. १९५०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या नागरी संरक्षण प्रशासनाने शाळांमधून मुलांना अणुबाँबपासून बचावाचे धडे दिले. बर्ट नावाचे एक चित्रातले कासव धोका दिसताच कवचात शिरे आणि मुले बाकाखाली शिरून मानेवर हात धरून बसत. १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडींनी सार्वजनिक निवाऱ्यांच्या योजनेला जोर दिला आणि इमारतींवर पिवळ्या-काळ्या त्रिकोणांच्या पाट्या लागल्या. म्हणजे सर्वनाशाचे ट्युटोरियल अमेरिकेने एकदा खरोखरच घेतलेले आहे, तेही सरकारी खर्चाने आणि हसतमुखाने. 'फॉलआउट'च्या प्रत्येक खेळातला अंगठा वर करून हसणारा व्हॉल्ट बॉय त्या पत्रकांच्याच कुळातला आहे. त्यामुळे या मालिकेत ट्युटोरियलकडे पाहताना 'कसे शिकवले' यापेक्षा 'कोण शिकवतो आहे, आणि त्याच्यावर विश्वास का ठेवावा' हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. व्हॉल्ट-टेकचे बहुतेक निवारे बचावासाठी नव्हतेच, आत कोंडलेल्या माणसांवरचे ते गुप्त प्रयोग होते, हे मालिकेत पुढे उघड झाले, आणि या प्रश्नाला धार आली.

दुसऱ्या भागाबद्दल (१९९८) फारसे बोलण्यासारखे नाही. तिथे 'कसोट्यांचे मंदिर' आहे. हातात भाला, समोर मोठाल्या मुंग्या आणि विंचू. ज्याने आपला नायक वक्ता किंवा शास्त्रज्ञ बनवला आहे त्यालाही पहिला अर्धा तास भालाच चालवावा लागतो. शेवटच्या पहारेकऱ्याला बोलण्यात गुंडाळता येते किंवा त्याच्या खिशातली किल्ली लांबवता येते, एवढीच काय ती सुटका.

बेथेस्डाने मालिका हाती घेतल्यावर २००८ मध्ये आलेल्या 'फॉलआउट ३'ने मात्र या शिकवणीला बालपणाचे रूप दिले. खेळ सुरू होतो तो नायकाच्या जन्मापासून. डोळे उघडताच वर वाकलेला बाप दिसतो, ज्याला लियाम नीसन यांचा आवाज आहे. मूल मोठेपणी कसे दिसेल हे एक यंत्र सांगते आणि आपण चेहरा निवडतो. वर्षाचे झाल्यावर बाप नजरेआड होतो तेव्हा कुंपणाचे फाटक उघडून दुडुदुडु चालायचे आणि चित्रांच्या पुस्तकाची पाने उलटत आपल्या सात गुणांना आकडे द्यायचे: बळ, निरीक्षण, चिवटपणा, लाघव, बुद्धी, चपळता आणि नशीब. दहाव्या वाढदिवसाला मनगटावर पिप-बॉय नावाचा छोटा संगणक चढतो, घरकाम करणारा यंत्रमानव केक कापण्याऐवजी करवतीने त्याचा चेंदामेंदा करतो, एक गुंड मुलगा तुमच्याकडची मिठाई मागतो आणि बाप तळघरात नेऊन छऱ्यांच्या बंदुकीने झुरळ मारायला शिकवतो. सोळाव्या वर्षी परीक्षा. एकोणिसाव्या वर्षी मध्यरात्री मैत्रीण हलवून जागे करते: बाप पळून गेला आहे.

या रचनेतल्या एका जागेवर मी अजूनही थांबतो. ती सोळाव्या वर्षीची परीक्षा कोणाला काय काम द्यायचे हे ठरवण्यासाठी असते आणि तिचा शेवटचा प्रश्न असा की, व्हॉल्ट १०१ मधली निर्विवादपणे सर्वांत महत्त्वाची व्यक्ती कोण? पर्याय चार, आणि चारही पर्याय एकच: ओव्हरसियर. हा नुसता विनोद नाही. एक आख्खी राज्यव्यवस्था एका प्रश्नात दाखवून झाली, आणि ती दाखवताना खेळाने पर्याय निवडण्याची पद्धतही शिकवून टाकली. वर परीक्षा घेणाऱ्या मास्तरांना गळ घातली तर ते तुमचा निकाल हवा तसा भरून देतात. नियम शिकवणाऱ्यानेच नियम वाकवायला शिकवणे हे भूमिकाप्रधान खेळाचे मर्म आहे, आणि ते बिचाऱ्या मास्तरांच्या टेबलापाशी किती सहज उलगडते!

जाता जाता सांगायला हवे की हा खेळ एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलसाठी भारतात अधिकृतपणे आलाच नाही. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००८ मध्ये तसे जाहीर केले आणि सांस्कृतिक संवेदनशीलतेचे मोघम कारण दिले. लोकांनी बोट ठेवले ते खेळातल्या दोन तोंडांच्या गुरांवर, कारण त्यांना 'ब्राह्मिन' असे नाव आहे. अमेरिकेत ब्राह्मन नावाची गुरांची जात खरोखरच आहे आणि तिचे पूर्वज गीर, कांकरेज, ओंगोल असे इथूनच गेलेले आहेत, ही गंमत त्या गदारोळात हरवली. माझ्यापर्यंत खेळाची प्रत पोहोचली ती परदेशातून सुट्टीवर आलेल्या मित्राच्या बॅगेतून.

'फॉलआउट: न्यू वेगास'ने (२०१०) व्हॉल्टला रजा दिली. नायक टपाल पोहोचवणारा. डोक्यात गोळी घालून त्याला पुरलेले असते आणि तो डॉक्टर मिचेलच्या खाटेवर जागा होतो. अज्ञानाचे कारण इथे डोक्याला झालेली जखम आहे, जी युक्ती तशी झिजलेलीच. पण गुडस्प्रिंग्ज या गावात (नेवाडात हे गाव खरेच आहे आणि १९१३चा त्याचा दारूचा गुत्ताही आहे) सनी नावाची तरुणी बाटल्यांवर नेम धरायला, सरडे मारायला आणि शेकोटीवर औषध बनवायला शिकवू पाहते, आणि तिला नको म्हणून सरळ गावाबाहेर निघून जाता येते. खरी शिकवणी पुढेच आहे. क्षितिजावर वेगासचे दिवे दिसतात, रस्ता उत्तरेला सरळ जातो, आणि त्या रस्त्यावर खाणीजवळ डेथक्लॉ नावाचे प्राणी तुम्हाला काही क्षणांत फाडून टाकतात. मग दक्षिणेचा लांबचा वळसा घ्यावा लागतो. पडद्यावर एकही सूचना न लिहिता खेळ सांगतो की या जगात जवळची वाट आहे, पण तुमच्यासाठी नाही, निदान अजून तरी नाही. मला विचाराल तर मालिकेतला सर्वोत्तम धडा हाच.

'फॉलआउट ४'चा (२०१५) आरंभ माझ्या दृष्टीने सर्वांत देखणा आणि सर्वांत फसलेला आहे. २३ ऑक्टोबर २०७७ची सकाळ, न्हाणीघरातला आरसा, पाळण्यातले बाळ, दाराशी व्हॉल्ट-टेकचा विक्रेता. त्याचा अर्ज भरता भरता आपले सात गुण ठरतात आणि काही मिनिटांत भोंगे वाजतात. विनाशापूर्वीचे जग आपण या मालिकेत पहिल्यांदा पायांनी चालून पाहतो. हे झाल्यावर बर्फात गोठून दोनशे दहा वर्षे, जोडीदाराचा खून, बाळाचे अपहरण. इतका आकांत उभा केल्यावर तासाभरात खेळ काय करतो, तर हातात यांत्रिक चिलखत आणि मिनीगन देऊन एका डेथक्लॉला लोळवायला लावतो. पहिल्या खेळात ते चिलखत मिळवायला अर्धा खेळ घालवावा लागे. नंतर लगेच टोमॅटो लावा, खाटा ठोका, अमक्या वस्तीला मदत करा. बाळ शोधायला निघालेला बाप किंवा आई विहिरीचा पंप कुठे बसवावा या विचारात गुंतलेली पाहून मला नेहमी ओशाळल्यासारखे होते. शोक आणि शिकवणी यांची सांगड तिथे बसलीच नाही.

'फॉलआउट ७६' (२०१८) मध्ये तर शिकवायलाच कोणी उरले नव्हते. व्हॉल्टमध्ये फुगे, पताका आणि रिकामी टेबले; सगळे आपल्याआधीच निघून गेलेले. बाहेरही इतर खेळाडू सोडले तर जिवंत माणूस नाही, फक्त यंत्रमानव आणि ध्वनिफिती. माणसे त्या खेळात २०२० मध्ये आणावी लागली.

आता माझी कल्पना. बेथेस्डाने 'फॉलआउट ५'चे शहर जाहीर केलेले नाही, तेव्हा निवडण्याचा हक्क तूर्त माझा आहे आणि मी डेट्रॉइट निवडतो.

'फॉलआउट'च्या जगात गाड्या अणुशक्तीवर चालतात, आणि त्यांच्या सांगाड्यांवर गोळी लागली तर अणुस्फोट होतो. आपल्या जगात फोर्डने १९५०च्या दशकाच्या अखेरीस 'न्यूक्लिऑन' नावाच्या अणुभट्टीवर चालणाऱ्या गाडीची प्रतिकृती खरोखर बनवली होती. गाडी कधीच रस्त्यावर आली नाही. डेट्रॉइटपासून पन्नासएक किलोमीटरवर फर्मी-१ ही अणुभट्टी होती. ५ ऑक्टोबर १९६६ रोजी तिच्यातला झिर्कोनियमचा एक पत्रा निसटून शीतक सोडियमच्या वाटेत अडकला आणि इंधनाचा काही भाग वितळला. इतके तयार साहित्य दुसऱ्या कोणत्या शहरापाशी आहे?

एक पथ्य मात्र पाळावे लागेल. डेट्रॉइट म्हटले की बाहेरच्यांना पडक्या कारखान्यांची छायाचित्रे आठवतात आणि तिथल्या रहिवाशांना त्यांचा वीट आलेला आहे. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्तीचे हे शहर २०२० मध्ये साडेसहा लाखांच्याही आत आले, २०१३ मध्ये दिवाळखोर ठरले. पण १९८८ पासून बंद पडलेले मिशिगन सेंट्रल हे रेल्वेस्थानक फोर्डने विकत घेऊन २०२४ मध्ये पुन्हा उघडले, हेही तितकेच खरे. शिवाय 'फॉलआउट'च्या इतिहासात १९५०चे दशक मनाने कधी संपतच नाही. त्या इतिहासातले डेट्रॉइट ओसाड पडलेच नसेल. २०७७ च्या त्या सकाळपर्यंत ते गजबजलेले, धुराने काळवंडलेले आणि आपल्या गाड्यांवर खूश असेल. आपल्याकडच्या अवशेषांची नक्कल करण्यापेक्षा हे न घडलेले वैभव आणि त्याचे अवशेष रचणे कितीतरी अधिक मोलाचे होईल.

व्हॉल्टसाठी जागाही तिथे तयार आहे. डेट्रॉइटच्या पोटात सुमारे बाराशे फुटांवर मिठाची खाण आहे, १९१० पासूनची. तिच्यात दीड हजार एकरांवर पसरलेली दालने आहेत, छत पेलायला मिठाचेच खांब सोडलेले आहेत आणि मैलोन्मैल रस्ते आहेत. यंत्रे आणि ट्रक सुटे करून अरुंद कूपातून खाली उतरवतात आणि तिथे पुन्हा जोडतात. त्यांचे आयुष्य संपले तरी ती वर आणणे परवडत नाही, म्हणून ती तिथेच राहतात. व्हॉल्ट-टेकच्या माणसाने ही खाण पाहिली असती तर त्याने दुसरीकडे जागा शोधलीच नसती.

आता प्रयोग. डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्कच्या कारखान्यात फोर्डने १९१३ मध्ये सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडायला सुरुवात केली. साडेबारा तासांचे काम दीड तासावर आले, आणि तोच तो बोल्ट दिवसभर आवळून कंटाळलेले कामगार इतक्या संख्येने काम सोडू लागले की पुढच्याच वर्षी रोज पाच डॉलर मजुरी जाहीर करावी लागली. माझ्या व्हॉल्टमध्ये कोणालाही काम सोडून जायला जागाच नाही. इथे प्रत्येकाला एकच कृती शिकवली जाते, आणि दुसऱ्याचे काम विचारणे हा गुन्हा आहे. हवा, पाणी, अन्न सारे काही माणसांच्या साखळीतून चालते आणि संपूर्ण यंत्रणा माहीत असलेला एकही माणूस आत नाही. दोनशे वर्षांनी अशा समाजाचे काय होते, हे पाहण्यासाठी केलेला हा प्रयोग.

पडदा काळा आहे. भोंगा होतो. समोर एक दिवा आणि एक झडप. दिवा लागला की झडप फिरवायची. त्यासाठी कोणते बटण दाबायचे एवढीच सूचना पडद्यावर येते. ध्वनिक्षेपकातून तोच जुना गोड आवाज शाबासकी देतो. दिवा पुन्हा लागतो, पुन्हा झडप. दोन मिनिटे, तीन मिनिटे. खेळाडू वैतागला पाहिजे. त्या वैतागातच त्याची आणि नायकाची पहिली ओळख व्हावी, असा माझा आग्रह आहे.

मग मुकादम एक कागद पुढे करतो. वर्षाची नोंद. सातही गुणांपुढे पाच, पाच, पाच. मालिकेच्या सुरुवातीच्या खेळांत प्रत्येक गुणाचा आरंभाचा आकडा पाचच असे आणि तो कमीजास्त करणे ही खेळाडूच्या पहिल्या कृतींपैकी एक असे. इथे ती कृती बेकायदा आहे. मुकादम पाठ वळवतो, टेबलावर खोडरबर आहे. आपल्या नायकाला घडवायचे तर त्याच्या नोंदीत खाडाखोड करावी लागेल; आणि ज्याला भीती वाटते तो सातही पाच घेऊन पुढे जाऊ शकतो, तोही एक स्वभावच झाला.

त्यानंतर जेवणाची सुट्टी, आणि शिकवणीचा गाभा तिथे आहे. मिठाच्या खांबांमधून हिंडताना माणसे भेटतात. हवेच्या नळकांड्यांत शिरून साफसफाई करणारी बाई आहे. तिच्या कामाची चौकशी केली तर वाकून, आवाज न करता कसे सरकायचे हे ती दाखवते आणि ते बटण त्या क्षणी आपल्याला कळते. कोठीवरचा म्हातारा देवघेव शिकवतो. मिठाचे खडे मारून डबे पाडणारी पोरे नेम धरायला शिकवतात. चोरी शिकायची तर स्वयंपाकघराच्या मागे जावे लागते. कोणाला विचारले, कोणाला नाही, यावर तुम्हाला काय येते ते ठरते. जे विचारले नाही ते खेळ कधीही सांगणार नाही. बटणे आहेत तिथेच राहतील, चाचपडत शोधणाऱ्याला सापडतीलही, पण सूचना येणार नाही. विचारणे बेकायदा असल्यामुळे प्रत्येक धड्याला किंमत आहे: कोणीतरी पाहिले असेल, कोणीतरी कळवले असेल. ज्या मालिकेत बोलणे हे शस्त्र मानले जाते तिच्यात बोलूनच सारे काही मिळावे, हे मला न्यायाचे वाटते.

सुट्टी संपते आणि दिवा लागत नाही. वेळ जातो, झडप तशीच. नायक तारेचा माग काढत जातो (मागच्या अरुंद बोगद्यात उंदीर आहेत, १९९७च्या त्या गुहेला एवढा मान द्यायलाच हवा आणि हातातला पाना तोपर्यंत शस्त्र झालेला असतो), आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला एक घड्याळ सापडते. ठराविक वेळाने दिवा पेटवणारे, आता बंद पडलेले. झडप कशालाही जोडलेली नव्हती. या व्हॉल्टमधली निम्मी कामे खरी आहेत आणि निम्मी लोकांना गुंतवून ठेवण्यासाठी आहेत, आणि कोणते कोणत्या प्रकारचे हे करणाऱ्याला कळायची सोय नाही.

परत येईपर्यंत मुकादमाकडे पत्र तयार असते. आपले कामाचे ठाणे बंद, आपली गरज उरलेली नाही, व्हॉल्ट आपल्या सेवेबद्दल आभारी आहे. या मालिकेतले नायक आजवर पाणी आणायला निघाले, बापाला शोधायला निघाले, बाळाला शोधायला निघाले. डेट्रॉइटचा नायक कामावरून कमी केल्यामुळे बाहेर पडावा, याहून त्या शहराला शोभणारे कारण मला सुचत नाही. त्याच्यावर कोणतीही जबाबदारी नाही. पुढचे शंभर तास काय करायचे, हा प्रश्न त्याच्याइतकाच आपल्याही पुढे असतो, आणि मोकळ्या जगात वाट फुटेल तिकडे भटकायला हा नायक मोकळा राहतो. 'फॉलआउट ४'मधली ती ओढाताण इथे उद्भवतच नाही.

हिशेबाची रक्कम म्हणून कोठीवर मिठाची एक पिशवी मिळते, कारण त्या व्हॉल्टकडे देण्यासारखे दुसरे काही नाही. खाणीचा पाळणा, म्हणजे लिफ्ट, वर चढतो. प्रत्येक वेळी डोळे दिपवणारे ऊन दाखवण्याची बेथेस्डाला सवय आहे. इथे जानेवारी असावा, बर्फ पडत असावे आणि पुढचे फारसे दिसू नये. डावीकडे धुरकट अँबॅसडर पूल, १९२९चा, मधोमध तुटलेला. पलीकडे कॅनडा, जो डेट्रॉइटहून चक्क दक्षिणेला दिसतो, आणि जो मालिकेच्या इतिहासात युद्धापूर्वीच अमेरिकेने गिळलेला आहे. पुलाखाली एका पिंपात जाळ करून बसलेली बाई वाडगाभर रश्श्याच्या बदल्यात पिशवी मागते. हिवाळ्यात मांस टिकवायला मिठाशिवाय गत्यंतर नाही, त्यामुळे त्या पिशवीत महिनाभराचे अन्न सहज येईल, हे तिला माहीत आहे आणि आपल्याला नाही. कोठीवरच्या म्हाताऱ्याशी बोललेला खेळाडू चिमूटभर देऊन निभावेल. न बोललेला सगळी पिशवी देऊन बसेल आणि त्याला ते पुढच्या वस्तीत कळेल.

माझ्या भाच्याला हे सगळे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मामा, पाऊण तास बंदूक नाही? कोण खेळणार?" त्याच्या म्हणण्यात व्यापाराचे शहाणपण आहे हे नाकारता येत नाही. इतका पैसा ओतून केलेल्या खेळाच्या जाहिरातीत झडप फिरवणारा माणूस कोण दाखवेल? चिलखत आणि डेथक्लॉ पहिल्या तासात आले ते कोणाच्या मूर्खपणामुळे आले नाहीत. दुकानात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला पहिल्या तासातच बांधून ठेवायचे असते, म्हणून आले. तरीही मला वाटते की बंदूक जितकी उशिरा येईल तितकी ती हातात जड वाटेल, आणि पहिली गोळी कोणावर झाडायची याचा विचार खेळाडू निदान एकदा तरी करेल.

दुसऱ्यांदा खेळायला बसलेल्याचे काय, हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण या मालिकेतले खेळ लोक वेगवेगळे नायक घडवून पुन्हा पुन्हा खेळतात आणि 'फॉलआउट ३'चे बालपण तिसऱ्या खेपेला अंगावर येते. त्यावर उपाय कथेतच आहे. ज्याला झडप खोटी असल्याचे ठाऊक आहे त्याने ती फिरवूच नये. पहिला दिवा लागतो, आपण हात लावत नाही. दुसरा लागतो, तरी नाही. अर्थात काहीही बिघडत नाही, पण मुकादम धावत येतो, शिस्तभंगाचे पत्र हातात ठेवतो आणि आपण पाचव्या मिनिटाला पाळण्यात असतो. अशा रीतीने काढून टाकलेल्याला हिशेब मिळत नाही, त्यामुळे तो पुलाखालच्या बाईपाशी मिठाशिवाय पोहोचतो आणि रश्श्यासाठी तिला दुसरे काय द्यायचे ते त्याचे त्याला पाहावे लागते.